न उधळणारा घोडा

निरीक्षकांचं आणि त्यांच्या मेव्हण्याचं बिनसलं ते जेवणाच्या टेबलावर, आणि त्यात जेवणाचा काही दोष नव्हता. वजनमापे विभागाचं वार्षिक संमेलन तोंडावर आलं होतं. या संमेलनात निरीक्षक माउथऑर्गन वाजवायचे आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ बोंगो. मेव्हणा काही विभागात नोकरीला नव्हता, त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पण इतक्या वर्षांत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला आपलाच माणूस धरून चालत. दोघांचा एकच आयटम असे, 'घोडागाडीची सफर'. मेव्हणा बोंगोवर टापा वाजवी, निरीक्षक त्यावर धून वाजवीत. घोडा आधी रमतगमत निघे, मग वेग घेई, आणि शेवटी असा काही उधळे की लोक खुर्चीतून अर्धे उठत. हा आयटम झाल्याशिवाय संमेलन झालंसं कुणाला वाटत नसे.

तर त्या रविवारी वाटी पुढे करता करता निरीक्षक म्हणाले, "यंदा टापांकडे जरा लक्ष दे. गेल्या वेळी तू मागे रेंगाळत होतास."

मेव्हण्याचा घास हातातच राहिला. "मी रेंगाळत होतो?"

"थोडासाच. बाकीच्यांना कळलं नसेल. पण माझा कान पडला मापाचा."

"भावोजी, मी रेंगाळत असेन तर यंदा तुम्ही एकट्यानंच वाजवा."

"वाजवीन की! त्यात काय मोठंसं?"

असली वाक्यं माणूस बोलून जातो आणि मग ती निस्तरत बसतो. मेव्हणा पान तसंच टाकून उठला नाही, तेवढा तो सभ्य होता. त्यानं शांतपणे जेवण संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं, "ताई, येतो गं," म्हणाला आणि गेला. दर रविवारी न चुकता जेवायला येणारा माणूस पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायको नुसती रविवारी एक ताट जास्त घ्यायची आणि जेवणं सुरू व्हायच्या आधी पुन्हा मांडणीवर ठेवून द्यायची.

निरीक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या माणसाच्या नुसत्या येण्यानं बाजारातले काटे भराभर शून्यावर येतात, ज्यानं शिक्का मारल्याशिवाय गावातल्या एकाही वजनाला वजन म्हणवून घेता येत नाही, त्या माणसानं मापाच्या बाबतीत माघार घ्यायची कशी? त्यांनी मनाशी ठरवलं, वाजवायचं तर एकट्यानंच. फक्त एकट्यानं धून आणि टापा एकाच वेळी कशा वाजवायच्या, हा एवढासा प्रश्न शिल्लक राहिला होता.

तो प्रश्न वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनकाकांनी सोडवला. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि जिला वायर आहे अशा कुठल्याही वस्तूवर आपला हक्क आहे असं मानीत. ते म्हणाले, "अहो, हल्ली एकेक माणूस आख्खा वाद्यवृंद वाजवतो. पायाशी एक डबी असते. आपण वाजवलेलं ती धरून ठेवते आणि पुन्हा पुन्हा ऐकवत बसते. एकदा टापा वाजवल्या की झालं. घोडा डबीत, तुम्ही गाडीत!"

"आणि ती डबी रेंगाळत नाही ना?"

"यंत्र आहे ते. यंत्राला कसली आलीय मेव्हणेगिरी?"

निरीक्षकांना हे बोलणं फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर ते वाद्यांच्या दुकानात हजर झाले. दुकानदार मानेवर केस बांधलेला, मृदू आवाजाचा माणूस होता. त्यानं विचारलं, "लूपर हवा की डिले?"

"फरक सांगा."

"लूपरमध्ये कसं असतं, तुम्ही पाय दाबला की फेरा सुरू, परत दाबला की फेरा पूर्ण. तुम्ही वाजवाल तेवढा लांब फेरा. मशीन तुमच्या मागून चालतं. डिलेमध्ये आधी वेळ ठरवायची, या बटणानं. मग जे वाजवाल ते बरोब्बर तेवढ्या वेळानं परत येणार. इथे तुम्ही मशीनला धरून चालायचं. ते बऱ्याच जणांना जमत नाही हो. नवीन असाल तर लूपरच न्या."

"म्हणजे पहिल्यात माप कोण ठरवतो? वाजवणारा?"

"हो."

"आणि दुसऱ्यात माप आधीच ठरलेलं?"

"तसं म्हणा हवं तर."

निरीक्षक हसले. छाप्याच्या वेळी एखादा दुकानदार 'साहेब, हा किलो आमच्या वडिलांपासून असाच आहे' म्हणाला की ते असेच हसत. "गिऱ्हाइकाच्या सोयीनं लांबणारं आणि आखडणारं माप मी जन्मभर जप्त करत आलोय. डिले दाखवा."

दुकानदारानं डिले दाखवले. एक होता त्यात प्रत्येक फेऱ्याला आवाज जरा जरा मवाळ होत विरून जायचा. "जुन्या टेपसारखा. लोकांना हा फार आवडतो," दुकानदार म्हणाला. "म्हणजे माल घटतो," निरीक्षक म्हणाले आणि तो बाजूला सारला. दुसऱ्यावर इतकी बटणं होती की वाजवायला सवडच मिळाली नसती. तिसरा मात्र त्यांच्या मनात भरला. तीनच बटणं: किती वेळानं, किती वेळा, किती मोठ्यानं. शिवाय पायानं दाबायची एक कळ होती. ती दाबली की चालू असलेला फेरा जसाच्या तसा धरून ठेवला जाई आणि पुन्हा दाबेपर्यंत फिरत राही. काही घटायचं नाही, काही वाढायचं नाही. निरीक्षकांना आपल्याच खात्यात एखादा प्रामाणिक कारकून भेटल्याचा आनंद झाला.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण यंत्राबरोबर अडॅप्टर नव्हता, आणि टेलिफोनकाकांकडे होता. "एक्स्चेंजमधला आहे, मरत नाही," असं सांगून त्यांनी तो स्वतःच्या हातानं भिंतीत खुपसला. अडॅप्टर खरोखरच मेला नाही. इमारतीचा फ्यूज तेवढा गेला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे उभी राहिली आणि लिफ्टमध्ये नेमके सोसायटीचे अध्यक्ष होते, हातात जड कुंडी घेऊन. कुंडी खाली ठेवली तर माती सांडेल आणि सांडली तर त्यांच्याच नियमानं दंड होईल, म्हणून तो भला माणूस दिवे येईपर्यंत ती उराशी धरून उभा राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी निरीक्षकांना एवढंच सांगितलं, की सोसायटीच्या नियमांत घोड्याबद्दल तूर्त काही नाही, पण सर्वसाधारण सभा लांब नाही.

ऑफिसातही सरळ काही होत नव्हतं. संमेलनाचं काम चिटणीसबाई बघत. त्या एरवी फायलींच्या विभागात असत आणि संमेलनही फायलीसारखंच चालवत.

"कलाकार किती?" त्यांनी विचारलं.

"एक. पण आवाज दोन-तीन येतील."

"मला आवाज नकोत, माणसं सांगा. एकट्याच्या आयटमला वेळ कमी, दोघांच्याला जास्त. चहाची कूपनंही त्याच हिशेबानं."

"यंत्राला चहा लागत नाही, बाई."

"मग यंत्राला वेळही मिळणार नाही. आणि तुमचा तो मेव्हणा कुठे गेला? मी त्याला दरवर्षीसारखं निमंत्रण धाडलंसुद्धा. कार्यक्रमपत्रिकेत दोघांचं छापून आलंय."

"तो येणार नाही," निरीक्षक म्हणाले.

"छापलंय म्हणजे येईल," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

दुकानातून रीतसर नवा अडॅप्टर आला, मग माइक आला, मग माइकचा आवाज यंत्राला पुरत नाही म्हणून मधे बसवायची आणखी एक डबी आली. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर हा सगळा संसार मांडून निरीक्षक संध्याकाळी सरावाला बसले. माउथऑर्गनची रिकामी पत्र्याची पेटी माइकसमोर धरून त्यांनी बोटांनी टापा वाजवल्या, टकटक, टकटक, आणि पायानं कळ दाबली. घोडा चालू लागला. खोलीत कुणीही काही वाजवत नव्हतं आणि घोडा चालत होता! निरीक्षकांचा ऊर भरून आला. त्यांनी माउथऑर्गन तोंडाला लावला, धून धरली, आणि पहिली ओळ संपते न संपते तोच घोडा मागे पडला.

त्यांनी पुन्हा सुरू केलं. घोडा पुन्हा मागे पडला. धून कोपऱ्यावरून वळून पुढे जाई आणि घोडा आपला मागच्याच दिव्याखाली टकटक करत असे. आणि शेवट तर भलताच होई. जिथे घोड्यानं बेफाम उधळायचं, तिथे निरीक्षक कपाळावरच्या शिरा ताणून वाऱ्यासारखे सुटत आणि यंत्रातला घोडा, सकाळी दूध आणायला निघालेल्या पेन्शनरासारखा, आहे त्याच चालीनं चालत राही. त्याला उधळणं माहीतच नव्हतं.

"यंत्र मंद आहे," निरीक्षकांनी निदान केलं.

"व्होल्टेज कमी असणार," टेलिफोनकाका म्हणाले. मग स्टॅबिलायझर आला. घोड्यात काडीचा फरक पडला नाही. काकांनी वायरी आखूड करून पाहिल्या, यंत्र पंख्याखाली ठेवून पाहिलं, उलटं करून पाहिलं. तळमजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, की तुमच्याकडे कुणी आजारी आहे का, सारखं येरझाऱ्या घालतंय म्हणून. संमेलन जवळ जवळ येत चाललं तशी निरीक्षकांची झोप उडाली. ऑफिसात एखाद्या दुकानाचा काटा तपासताना त्यांच्या कानात टकटक सुरू व्हायची आणि समोरचा वाणी घामाघूम होऊन म्हणायचा, "साहेब, काही चुकलं का?"

शेवटी त्यांनी तो उपाय केला जो खरं तर आधीच करायला हवा होता. पेट्रोलपंप तपासायला खात्याचं एक स्टॉपवॉच असतं, मोहोरबंद, वर्षातून एकदा वरून प्रमाणित होऊन येणारं. ते घेऊन ते एका शनिवारी दुपारी यंत्रासमोर बसले. फेरा मोजला. पुन्हा मोजला. चहा पिऊन पुन्हा मोजला. प्रत्येक फेरा तंतोतंत सारखा येत होता. त्यांनी आजवर तपासलेल्या कुठल्याही मापात इतका खरेपणा त्यांना आढळला नव्हता.

टेलिफोनकाका शेजारीच बसले होते. ते अगदी निरागसपणे म्हणाले, "द्या ते घड्याळ माझ्याकडे. आता तुम्ही वाजवा, मी तुम्हाला मोजतो."

"काही गरज नाही," निरीक्षक जरा जास्तच जोरात म्हणाले. आपल्या हाताखालच्या मंडळींना ते नेहमी सांगत, काटा बरोबर असेल आणि वजनही बरोबर असेल तर तागडी धरणारा हात बघा. हे वाक्य त्यांना आत्ता आठवायला नको होतं.

काका गेल्यावर बायको कपड्यांच्या घड्या घालायला खोलीत आली. यंत्र चालूच होतं. थोडा वेळ दोघं घोड्याच्या टापा ऐकत राहिली.

"आपला घोडा काही पहिल्यापासून उधळत नव्हता," ती एकदम म्हणाली. "आठवतंय का तुम्हाला?"

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी सुरुवातीला घोडा नव्हताच. ती संथ धून होती, संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखी. पहिल्या सरावानंतर तो स्वयंपाकघरात माझ्याकडे आला. म्हणाला, ताई, भावोजी पळतात गं. आवरतच नाहीत. त्यांना सांगू कसं? मी म्हटलं, सांगू नकोस, त्यांना फार लागेल. मग त्यानंच दोन दिवसांनी ही घोड्याची कल्पना काढली. घोडा आधी चालतो, मग उधळतो. म्हणजे तुम्ही पळालात तरी लोकांना वाटावं, वा, काय वेग घेतात!"

निरीक्षकांनी विचारलं, "आणि गेल्या वेळी?"

"गेल्या वेळी तुम्ही इतके पळालात की तो पोचू शकला नाही. त्याचंही वय झालं आता." तिनं हातातला टॉवेल तसाच मांडीवर ठेवला. "तो इतकी वर्षं तुमच्या मागे धावला, आणि तुम्ही त्याला म्हणालात, रेंगाळतोस. मला तुमच्या त्या यंत्राशी काही घेणंदेणं नाही. ते वाजू दे नाहीतर बंद पडू दे. मला माझा भाऊ रविवारी घरी जेवायला हवाय. तेवढा एक फोन करा त्याला."

निरीक्षकांना लागायचं ते लागलंच. खरं तर फोन हाताशी होता. पण त्यांच्या डोक्यात सरकारी पद्धतीनं विचार सुरू झाला. आत्ता फोन केला तर ती शरणागती झाली. उलट एकट्यानं झकास वाजवून दाखवलं आणि मग मोठ्या मनानं फोन केला, तर तो मोठेपणा होईल. एकच फोन, पण आधी की नंतर यावर सगळी इभ्रत अवलंबून! "संमेलन होऊ दे," ते म्हणाले, "मग करतो." बायकोनं घड्या उचलल्या आणि ती गेली. ती गेल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की आपण एकट्यानं उत्तम वाजवलं तर मेव्हण्याची गरजच संपली, तो कशाला येईल? आणि वाईट वाजवलं तर कुठल्या तोंडानं त्याला बोलावणार? दोन्हीकडून रविवारचं ते ताट मांडणीवरच राहणार होतं. हे कळूनही ते पुन्हा सरावाला बसले, कारण दुसरं काही करायचं त्यांना सुचेना.

संमेलनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती, टेलिफोनकाकांनी 'तांत्रिक सल्लागार' म्हणून पहिल्या रांगेत जागा पटकावली होती. संचालकांचं भाषण लांबलं. विंगेत उभ्या असलेल्या निरीक्षकांच्या तळहाताला इतका घाम आला होता की माउथऑर्गन दोनदा सटकला. पडद्याच्या फटीतून त्यांनी सभागृहात नजर फिरवली, आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, त्यांना मेव्हणा दिसला. छापलेलं होतं म्हणून आला होता की कशासाठी, कोण जाणे. बोंगो आणले नव्हते. निमंत्रणाच्या कार्डाची सुरळी करत तो खाली मान घालून बसला होता. अनोळखी लोकांसमोर फजिती झाली तर माणूस आठवड्याभरात विसरतो. मेव्हण्यासमोर झाली तर ती घरातली होऊन बसते.

"आता 'घोडागाडीची सफर'," चिटणीसबाईंनी जाहीर केलं, आणि पत्रिकेत होतं तसं दोघांचं नाव घेतलं. निरीक्षक एकटेच मंचावर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग दुसऱ्या माणसासाठी थोडं थांबून पाहिलं, मग कुजबूज सुरू झाली.

निरीक्षकांनी पेटीवर टापा वाजवल्या आणि कळ दाबली. घोडा चालू लागला. लोकांना गंमत वाटली, कुणीतरी "वाहवा" म्हणालं. निरीक्षकांनी धून धरली. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीही गेली. निरीक्षक मनातल्या मनात स्वतःचा लगाम खेचत होते, हळू, हळू, आणि तेवढ्यात लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. झालं! टाळ्या ऐकताच निरीक्षकांना चेव आला आणि ते सुटले.

टाळ्या मात्र घोड्याबरोबरच राहिल्या. सगळं सभागृह यंत्राला धरून ठेका देत होतं आणि निरीक्षक एकटेच पुढे धावत होते. आधी केसभर, मग अर्ध्या पावलानं, मग चांगलं एक पाऊल. पहिल्या रांगेत कुणाला तरी हसू फुटलं. निरीक्षकांनी यंत्र बंद करायला पाय पुढे केला. घरी यंत्र गालिच्यावर असायचं. इथला मंच संमेलनासाठी मुद्दाम पॉलिश केलेला होता. पायाचा धक्का लागताच यंत्र घरंगळल्यासारखं लांब सरकलं. त्यांनी वाजवता वाजवता आणखी एक पाऊल टाकलं, ते आणखी सरकलं. दोन्ही हात आणि तोंड माउथऑर्गनवर, एक पाय हवेत, आणि समोर घोडा शांतपणे टकटक करत वायरीला घेऊन मंचाच्या कडेला निघालेला. टेलिफोनकाका खालून ओरडले, "व्होल्टेज! व्होल्टेज!" लोक आता उघड उघड हसत होते. निरीक्षकांना वाटलं, मंच दुभंगावा आणि आपल्याला पोटात घ्यावं.

तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून कुणीतरी वाकून आलं आणि कडेवरून पडता पडता यंत्र झेललं. मेव्हणा होता. तो तिथेच उकिडवा बसला, यंत्र मांडीवर घेतलं आणि क्षणभर त्या तीन बटणांकडे पाहिलं. त्यातलं एक त्यानं किंचित फिरवलं; टापा मोठ्यानं यायला लागल्या. ते नव्हे. दुसरं फिरवलं, आणि घोड्यानं पाऊल उचललं. वेळ कमी केली की फेरा आखडतो आणि घोडा भराभर चालतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण चष्म्याच्या काचा घासणारी ती बोटं होती. त्यानं बटण केसाकेसानं वळवत घोडा पुढे आणला आणि निरीक्षकांच्या पायाशी नेऊन पोचवला.

एकाएकी निरीक्षकांच्या धुनेखाली जमीन आली. इतक्या दिवसांत हे त्यांना लाभलं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. मेव्हणा यंत्राकडे बघतच नव्हता. तो मान वर करून निरीक्षकांच्या खांद्यांकडे बघत होता. खांदे वर उचलले गेले की भावोजी पळणार, हे ओळखून तो त्याआधीच बटण वळवत होता. इतकी वर्षं बोंगोवरून मान वर करून तो असाच आपल्याकडे बघायचा, आणि निरीक्षक समजायचे, की हा आपल्या वाजवण्यावर खूश आहे. त्या क्षणी त्यांनी ठरवलं, की बस्स, आता आपण याच्यासाठी थांबायचं. आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून, त्यांनी वेग कमी केला.

आणि नेमक्या त्याच क्षणी मेव्हण्यानं, आता भावोजी शेवटाला उधळणार म्हणून, बटण चांगलंच वळवलं.

डिलेची वेळ एकदम आखडली की आवाज नुसता भराभर येत नाही, तो चढतोही. घोड्याचं आधी शिंगरू झालं, मग शेळी झाली, आणि मग पत्र्यावर गारा पडाव्यात तशा टापा किरकिरत निरीक्षकांना मागे टाकून निघून गेल्या. निरीक्षक मागे संथपणे धून वाजवत राहिले. सभागृहात हशा फुटला. संचालक रुमालात तोंड घालून हसत होते. मेव्हण्यानं घाबरून वायरच उपटली आणि सगळं एकदम गप्प झालं. सभागृहाचा माइक तेवढा चालू होता.

"थांबलात कशाला?" मेव्हणा ओरडला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मी येत होतो ना!"

"तुझ्यासाठीच थांबलो!"

"इतक्या वर्षांत कधी थांबला नाहीत, आजच बरे थांबलात!"

लोक पुन्हा हसणार होते, पण निरीक्षकांचा चेहरा बघून हसले नाहीत. "मी पळतो का रे?" निरीक्षकांनी विचारलं. छापा घालताना लावायचा तो आवाज त्यांना सापडला नाही. हा भलताच बारीक निघाला.

मेव्हण्यानं तिसऱ्या रांगेत ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली. "पळता, भावोजी," तो म्हणाला.

"किती?"

"फार पळता हो. हात दुखतात माझे."

माइकपासून तोंड वळवून, पण तरीही सगळ्यांना ऐकू जाईल असं, निरीक्षक म्हणाले, "चूक माझी होती. रविवारी जेवायला ये. आणि आत्ता वाजव. पळालो की तिथल्या तिथे सांग."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

संचालक ज्यामागे उभं राहून बोलले होते ते लाकडी मेज मेव्हण्यानं पुढे ओढलं. त्यावर दोन्ही तळव्यांनी त्यानं ठेका धरला, अगदी सावकाश. निरीक्षकांनी घाम पुसून माउथऑर्गन ओठांना लावला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरीत कुणीतरी टाळी दिली आणि निरीक्षकांचे खांदे वर उचलले गेले.

"पळताय, भावोजी," मेव्हणा मोठ्यानं म्हणाला.

निरीक्षकांना यावर पुष्कळ बोलता आलं असतं, पण तोंडात माउथऑर्गन होता. त्यांनी खांदे खाली घेतले आणि मेव्हण्याचा ठेका पोचेपर्यंत तो एक सूर धरून ठेवला.